रानडुकरासाठी ३१५ रायफलीत कोणती गोळी घालावी?

प्रश्न ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची ३१५ बोअरची रायफल रीतसर यांच्या परवान्यावर चढली. भुईमूग आणि भात डुकरं उकरून टाकतात, म्हणून वन विभागाकडे परवानगीचा अर्ज केला आहे. वडिलांच्या पेटीत जुनी काडतुसं निघाली, गोळी टोकापर्यंत तांब्यानं मढवलेली. साताऱ्याच्या दुकानात मिळतात ती शिशाचं टोक उघडं असलेली. गावातले निवृत्त सुभेदार सांगतात, कडक गोळीच घे, मऊ गोळी डुकराच्या खांद्यावर चेपून पडते. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, ती जुनाट रायफल विक, तीस-झिरो-सहा ही वेगवान अमेरिकन काडतुसाची रायफल घे आणि निव्वळ तांब्याची गोळी वापर. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. दुकानातली उघड्या टोकाची घ्या, रायफल ठेवा आणि पेटीतली काडतुसं बाजूला करा. का ते नीट सांगतो, कारण उद्या दुकानात माल बदलला किंवा कोणी तिसरा सल्ला दिला, तर तुम्हाला स्वतःला ठरवता आलं पाहिजे. मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, निवृत्तीनंतर साताऱ्यात परवानाधारकांच्या बंदुका दुरुस्त करतो, आणि परवानगीत नाव असेल तेव्हा खरिपात राखणीलाही जातो. त्यामुळे गोळी नळीत काय करते आणि जनावरात काय करते, दोन्ही बघायला मिळतं.

तुम्ही विचारलंय ‘जास्त ताकदीची कोणती’. गोळी निवडताना विचारायचं असतं वेगळंच: जनावराला लागली त्या क्षणी तिचा वेग किती असेल, वाटेत तिला काय फोडायचं आहे, आणि पलीकडे निघाली तर कुठं जाईल. उत्तर बदलतं ते या तीन गोष्टींनी. डब्यावरचे आकडे त्यानंतर.

आधी तुमच्या रायफलीचं. ३१५ ही ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या बांधणीवर तयार होत आलेली रायफल. तिचं काडतूस मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मॅनलिखर रायफलीचं. लष्कराची ३०३ सामान्य माणसाला मिळायची नाही, म्हणून हे काडतूस इथं रुजलं. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम. नळीतून निघताना वेग सेकंदाला साधारण ६०० मीटर. तीस-झिरो-सहाची नेहमीची १८० ग्रेनची गोळी पावणेबारा ग्रॅमच्या आसपास, पण वेग ८०० मीटरच्या वर. कागदावर तीस-झिरो-सहा बरीच पुढं आहे. तुम्ही मात्र शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून तीस-चाळीस मीटरवर, फार तर साठावर गोळी घालणार. तिथं जड आणि बेताच्या वेगाची गोळी कमी पडत नाही. जाडीच्या मानानं ती लांब आणि वजनदार असल्यामुळे आत शिरल्यावर लवकर थांबत नाही. आत शिरण्याची काळजी तुम्हाला नाहीच. काळजी आहे ती आत गेल्यावर तिनं काय करायचं याची.

उघड्या टोकाच्या गोळीत शिशाचा गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं, टोकाशी मात्र शिसं मोकळं सोडलेलं. ओल्या मांसात शिरताच समोरच्या दाबानं टोक मागं वळतं आणि गोळी अळंबीसारखी फुलते, मूळ जाडीच्या दीडपट ते दुप्पट. जखम रुंद होते, फुफ्फुसातून गेली तर रक्त झपाट्यानं जातं आणि जनावर काही पावलांत बसतं. पूर्ण मढवलेली गोळी फुलत नाही. नळीतून निघाली त्याच जाडीनं आरपार जाते. मेंदूला, मणक्याला किंवा हृदयाला नेमकी बसली तर जनावर जागेवर पडतं, हे खरं. चार बोटं इकडंतिकडं झाली तर भोक बारीक, रक्त थोडं, आणि डुक्कर उसात जाऊन दोन दिवसांनी मरतं. किंवा मरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी वैरणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. ‘डुक्कर गोळी खाऊन पळतं’ अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांतल्या पुष्कळशा मढवलेल्या गोळीच्या किंवा चुकीच्या जागी बसलेल्या गोळीच्या असतात.

सुभेदारसाहेबांचा मान राखून सांगतो, कारण मीही त्याच वर्दीतला. फौजेत आपण आयुष्यभर मढवलेली गोळी वापरली, म्हणून तीच भारी असं डोक्यात बसतं. साताऱ्यात घराघरात फौजी, तेव्हा हा सल्लाही घराघरात मिळतो. पण लष्करात ती असण्याचं कारण वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोक उघडी ठेवलेली गोळी बनली, ‘डमडम’ हे नाव तिथलं. तिच्या जखमा भयंकर म्हणून १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या न वापरण्याचा ठराव झाला. सैनिक जखमी होऊन लढाईबाहेर गेला तरी युद्धाचं काम भागतं. जनावर जखमी होऊन निसटलं तर आपलं काम बिघडतं. म्हणून एकच गोळी तिथं बरोबर आणि इथं चूक.

कडक गोळीचे पुरस्कर्ते आणखी एक दाखला देतात, बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याचा. त्यानं आफ्रिकेत सात मिलिमीटरच्या छोट्या रायफलीनं आणि पूर्ण मढवलेल्या गोळीनं शेकडो हत्ती मारले. बरोबर आहे. हत्तीच्या कवटीत हातभर आत मेंदूपर्यंत सरळ जायला न फुलणारी, न वाकणारी गोळीच लागते, आणि बेलला कवटीची रचना पाठ होती. तुमच्यासमोर शंभर किलोच्या आसपासचं डुक्कर आहे, रात्र आहे, बॅटरीचा उजेड आहे. तो दाखला इथं लागू होत नाही.

आता खांद्याच्या ढालीचं. ही भाकड गोष्ट नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांच्या पुढच्या भागावर कातडीखाली चिवट, कुर्चेसारखा थर असतो. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात, त्यासाठी ती सोय. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचे बारीक छर्रे तिथं अडकतात, आणि लांबून मारलेले एलजीचे मोठे छर्रेसुद्धा. ‘गोळी चेपून पडते’ ही समजूत बहुधा यातूनच आली असावी. २४४ ग्रेनची गोळी या थराला थांबत नाही. मी सोलताना बघितलेल्या नरांत ती ढाल आणि खांद्याचं हाड फोडून पलीकडच्या कातडीपर्यंत गेलेली असते, पुष्कळदा बाहेरही पडलेली.

मग मावसभाऊ म्हणतो त्या तांब्याच्या गोळ्या आल्या कशासाठी? त्या वेगवान रायफलींच्या दुखण्यावरचा उपाय आहेत. गोळी फार वेगात जवळच्या जनावराच्या हाडावर आदळली, तर साधं शिसं फुलत बसत नाही, फुटून विखुरतं आणि वरच्या वर थांबतं. १९४६ मध्ये जॉन नॉसलर या अमेरिकन शिकाऱ्याला कॅनडात मूस या भल्या मोठ्या सांबरवर्गीय जनावरावर हाच अनुभव आला. त्यानं मध्ये आडवी भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, भिंतीमागचं शिसं शाबूत राहून आत जात राहतं. पुढं शिसं आवरणाला चिकटवलेल्या गोळ्या आल्या, १९८०च्या दशकाच्या अखेरीस निव्वळ तांब्याच्या आल्या. शिशाचे बारीक कण मांसात आणि गिधाडांच्या पोटात जातात, म्हणून कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. भाऊ तिकडं राहतो, तिथं त्याचं म्हणणं चुकीचं नाही.

फक्त ते तुमच्या रायफलीला लावू नका. गोळीचा चिवटपणा तिच्या वेगाला साजेसा हवा. वेगासाठी बनवलेली टणक गोळी सावकाश आदळली तर नीट फुलतच नाही, म्हणजे महाग पैसे देऊन आपण पुन्हा मढवलेल्या गोळीपाशी येतो. ३१५ ची साधी सॉफ्ट नोज, म्हणजे उघड्या टोकाची गोळी बेताच्या वेगातच फुलावी अशी केलेली असते, टोकाशी शिसं भरपूर उघडं. या वेगाला ती फुटून भुगाही होत नाही. उलट कोणी तीस-झिरो-सहाचा मालक चाळीस मीटरवर मोठ्या नराच्या खांद्यावर गोळी घालणार असेल, तर त्याला मी हलकी, स्वस्त सॉफ्ट नोज नको म्हणेन. १८० ग्रेनची, शिसं चिकटवलेली किंवा भिंतीची घे म्हणेन. तेच डुक्कर, तेच अंतर, वेग बदलला की सल्ला बदलतो.

इथवरचं एका दमात: तुमचा वेग बेताचा म्हणून साधी सॉफ्ट नोज पुरते; वजन भरपूर म्हणून ढालीची भीती नाही; मढवलेली नको, कारण ती जखम कमी करते आणि पलीकडं जास्त जाते.

ते ‘पलीकडं’ मला सर्वांत जास्त सतावतं, आणि विचारणारे त्याबद्दल जवळपास कधीच विचारत नाहीत. रायफलीची गोळी मोकळी सुटली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. सॉफ्ट नोज फुलल्यामुळे जनावराच्या आत बराच वेग गमावते, तरी फुफ्फुसातून गेली तर बहुधा बाहेर पडते. बाहेर पडलेली एका अर्थानं चांगली. दोन भोकांतून रक्त सांडतं, माग काढता येतो. पण तिच्यामागं माती पाहिजे. माळ्यावर बसलो म्हणजे गोळी जमिनीतच जाणार असं सगळे धरून चालतात. हिशोब करा: चार मीटर उंच माळा आणि तीस मीटरवर डुक्कर, तर गोळी जमिनीला जेमतेम सात-आठ अंशात भेटते. मऊ नांगरटीत ती रुतेल. भाताच्या खाचरातल्या पाण्यावरून किंवा तुमच्याकडच्या सड्यावरच्या जांभ्यावरून ती उडून पुढं जाईल. म्हणून माळा बांधायच्या आधी दिवसा शेतात फिरा आणि ठरवा की गोळी फक्त या बांधाच्या, या चढाच्या दिशेनं. बाकी दिशांना डुक्कर नीट आडवं उभं राहिलं तरी बोट चापावर जाता कामा नये. दिवाळीच्या पुढं-मागं ऊसतोड मजुरांच्या खोप्या शेतात पडतात, कालपर्यंत मोकळी असलेली दिशा आज मोकळी नसते. रोज संध्याकाळी बघायचं.

मारायची जागाही गोळीच्या निवडीत मोडते, कारण योग्य गोळी चुकीच्या जागी काही कामाची नाही. डुकराचं हृदय पुढच्या पायांच्या मध्ये, खूप खाली असतं. पाठीवरच्या राठ केसांमुळे ते आहे त्यापेक्षा उंच दिसतं, आणि नवखा माणूस हमखास वर मारतो. बाजूनं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं सरळ वर या, आणि केस सोडून धडाची जी उंची उरते तिच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर थांबा. तिथं हृदयाचा वरचा भाग आणि फुफ्फुसं दोन्ही येतात. तिरकं उभं असेल तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरून त्या रोखानं मारा. तुमच्या जड गोळीत तेवढा दम आहे. तोंड समोर किंवा शेपूट समोर असेल तर थांबा, ते वळतंच. आणि मोठी मादी पिलांसोबत असेल तर मी रायफल खाली ठेवतो. हा नियम माझा, तुमच्यावर लादत नाही.

गोळी घातल्यावर डुक्कर उसात शिरलं तर लगेच मागं जाऊ नका. फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुफ्फुसाचं, जनावर जवळच असेल. काळपट रक्तात चाऱ्याचे कण दिसले तर पोटाची जखम. तेव्हा उजाडेपर्यंत थांबायचं, दोघांनी मिळून जायचं आणि वन विभागाच्या माणसाला कळवून.

आता पेटीतली जुनी काडतुसं. गोळीचा प्रकार बाजूला ठेवला तरी ती वापरू नका म्हणेन. घरात दमट जागी वर्षानुवर्षं पडलेल्या काडतुसाचा भरवसा नसतो. चाप ओढला आणि आवाज झाला नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. काही वेळा दारू उशिरा पेटते. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. जुन्या काडतुसांच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते, तिच्यात बऱ्याचदा असा क्षार असतो की बार झाल्यावर तो नळीत ओल धरतो आणि आठवड्यात गंज चढतो. अशा नळीला आधी गरम पाणी, मग कोरडं कापड, मग तेल. नुसत्या तेलानं तो क्षार निघत नाही. शिवाय त्या काडतुसांची नोंद तुमच्या परवान्यावर नसेल, तर ती घरात ठेवणंही अडचणीचं. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं रीतसर जमा करा आणि पावती घ्या.

आणि एक गोष्ट हात जोडून. मढवलेल्या गोळीचं टोक कानशीनं घासून ‘घरची सॉफ्ट नोज’ बनवणारे महाभाग आपल्या भागात आहेत. मढवलेल्या गोळीचं आवरण बहुधा बुडाशी उघडं असतं. टोकही उघडं केलं की ती दोन्ही बाजूंनी मोकळी नळी होते. बार झाला की शिसं पुढं निघून जातं आणि आवरण नळीत अडकून राहू शकतं. त्यामागून दुसरी गोळी आली की नळी फुगते किंवा फाटते, आणि नळीशेजारी तुमचा डावा हात असतो. अशा फुगलेल्या नळ्या दुरुस्तीला येतात. दुरुस्त होत नाहीत.

नवी काडतुसं घेताना शक्यतो एकाच लॉटची घ्या. डब्यावर लॉट नंबर असतो. लॉट बदलला की गोळी थोडी वर-खाली बसू शकते. नेमबाजीच्या रेंजवर परवानगीनं जाऊन आधी पन्नास मीटरवर कागदावर पाच गोळ्या टेकून मारा. पन्नासला साईट जुळवली तर शंभर मीटरवर गोळी साधारण पाच-सहा सेंटीमीटर खाली जाते, म्हणजे तुमच्या कामाच्या अंतरात वर-खाली धरायची गरजच पडत नाही. कागदावरची भोकं गोल आहेत ना बघा. लांबट असतील तर गोळी आडवी होत चालली आहे, नळीतल्या रेघा झिजल्यात किंवा तोंडाशी मार लागलाय. मग कुठल्याही गोळीनं फरक पडणार नाही, आधी नळी दाखवा.

तीस-झिरो-सहा घेऊ की नको हे त्या कागदावरूनच ठरवा. तुमच्या ३१५ नं पन्नास मीटरला पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत टाकल्या, तर विकायचं कारण मला दिसत नाही. नळीच गेली असेल तर बदलायचा विचार करा. तेव्हाही नवी रायफल, तिची परवान्यावरची नोंद आणि तिची काडतुसं मिळतात का हे सगळं आधी बघा. तिकडं दुकानात पन्नास प्रकारच्या गोळ्या मांडलेल्या असतात. आपल्याकडं जे मिळतं त्यातून निवडायचं असतं, आणि तुम्हाला लागणारी नेमकी मिळते आहे.

राहिली परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शिकार बंद आहे. तुम्ही जे करणार ते कलम ११ खाली, पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक जनावरापुरतं. कागद हातात येईपर्यंत रायफल घेऊन माळ्यावर बसू नका, ‘अर्ज दिलाय’ हे उत्तर चालत नाही. परवानगी डुकराची असेल तर डुकराचीच. पाटण भागात गवे शेतात उतरतात, सांबर येतं, आणि तुमचं खोरं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. अंधारात काळा आकार दिसला म्हणजे डुक्कर नव्हे. डोकं, सुळे आणि पाठीची रेघ ओळखू आल्याशिवाय बार नाही. मेलेलं डुक्कर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरतं, म्हणून पंचनाम्याआधी त्याला हलवू नका आणि वाटे घालू नका. परवानगीच्या कागदावर कोणत्या गटात, किती दिवस आणि कोणाच्या हातून हे लिहिलेलं असतं, ते शब्दन्‌शब्द वाचा. रेंजवर जायच्या आधी रायफल तपासून हवी असेल तर परवान्याची मूळ प्रत बरोबर आणा, झेरॉक्सवर मी किंवा दुसरा कोणीही कारागीर हात लावणार नाही.